चारचौघांत फोडलेली कुलुपे

१९९८च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या व्हेंचुरा या समुद्रकाठच्या गावी एक परिषद भरली होती. यजमान होती अमेरिकेची मानकसंस्था 'निस्ट'. बँका आणि सरकारी कचेऱ्या सत्तरच्या दशकापासून वापरत असलेली 'डेस' ही कूटलेखनाची पद्धत तोवर थकली होती. जेमतेम महिनाभर आधी अडीच लाख डॉलरांच्या आत बांधलेल्या एका यंत्राने डेसची किल्ली तीन दिवस पुरे व्हायच्या आत शोधून दाखवली होती. नव्या पद्धतीसाठी निस्टने साऱ्या जगातून प्रस्ताव मागवले आणि त्यांतले पंधरा दाखल करून घेतले. ज्याने त्याने व्यासपीठावर यायचे, आपली पद्धत शेवटच्या खिळ्यापर्यंत उलगडून सांगायची आणि समोरच्यांनी ती ऐकता ऐकता फोडायला बघायची, असा एकूण मामला होता.

जर्मनीच्या दूरसंचार कंपनीने 'मॅजेन्टा' नावाची पद्धत आणली होती. सादरीकरण चालू असतानाच श्रोत्यांत चुळबुळ सुरू झाली. मॅजेन्टात १२८ बिटांच्या किल्लीचे दोन तुकडे करायचे आणि सहा फेऱ्यांत ते पहिला-पहिला, दुसरा-दुसरा, पहिला-पहिला असे वापरायचे होते. हा क्रम उलट्या बाजूने वाचला तरी तोच राहतो. कूटलेखनात असला देखणेपणा महागात पडतो, कारण ही सममिती धरून हल्लेखोर आत शिरू शकतो. एली बिहाम, आदी शमीर, ब्रूस श्नायर, लार्स नुडसेन अशी या क्षेत्रातली बडी मंडळी सभागृहातच होती. परिषद आटोपण्याआधीच मॅजेन्टाचा निकाल लागलेला होता, आणि सहा जणांच्या नावाने त्यावरचा छोटा निबंधही तयार झाला.

बाहेरून पाहणाऱ्याला हे क्रूर वाटेल. एका मोठ्या कंपनीच्या माणसांनी वर्ष-दोन वर्षे खपून काहीतरी बनवायचे आणि चहाच्या सुट्टीच्या आत चारचौघांत त्याची शकले व्हायची! पण या धंद्याची रीतच ही आहे. रोमच्या परिषदेत त्या पंधरांची पुन्हा सालटी काढली गेली, त्यांतल्या पाच पद्धती पुढे गेल्या, आणि न्यूयॉर्कच्या परिषदेत त्यांचीही तीच गत झाली. शेवटी २ ऑक्टोबर २००० रोजी जोआन डेमन आणि व्हिन्सेंट रायमेन या दोघा बेल्जियन तरुणांच्या 'रेन्डाल'ची निवड झाली. तीच आजची एईएस. आपल्या मोबाइलवरचा संदेश, बँकेचे ॲप, घरातले वायफाय, सगळे तिच्यावर चालते. तिचा तपशील कोणीही वाचू शकतो. गुप्त असते ती फक्त किल्ली.

हे तत्त्व शंभरावर वर्षे जुने आहे. १८८३ साली ऑगस्ट केरखोफ्स या भाषाशिक्षकाने फ्रेंच लष्करी नियतकालिकात लिहिले की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी अडचण होऊ नये, अशीच ती असावी. लष्करांना ते पटायला वेळ लागला. काही खात्यांना अजूनही पटलेले दिसत नाही.

आता थोडे आपल्याकडे येऊ. परभणीहून जिंतूरकडे जाताना बोरी लागते. 'शिशुपाळवध' लिहिणारे महानुभाव कवी भास्करभट्ट बोरीकर याच परिसरातले मानले जातात. महानुभाव पंथाने जे केले, त्याला मराठीतले कूटशास्त्राचे पहिले मोठे प्रकरण म्हणायला हरकत नाही. चौदाव्या शतकात रवळोबासांनी 'सकळ लिपी' योजली असे परंपरा सांगते. पुढे सुंदरी, वज्र, अंक, शून्य, पारमांडल्य अशा आणखी लिप्या आल्या. एका आम्नायाने, म्हणजे उपपंथाने, सुरुवात केली, बाकीच्यांनी ती उचलली, आणि पंथाचे ग्रंथ या सांकेतिक लिप्यांत उतरवले गेले. ज्ञानेश्वरीच्याही आधीचे मराठी गद्य त्यामुळे जवळपास साडेपाचशे वर्षे पंथाबाहेरच्या मराठी माणसाला वाचता आले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या प्रयत्नांनी आणि काही महंतांच्या सहकार्याने ती कवाडे उघडली.

साडेपाचशे वर्षे टिकलेले कूट म्हणजे मजबूत कूट, असे कोणालाही वाटेल. मला तसे वाटत नाही. अक्षराच्या जागी दुसरे अक्षर किंवा खूण घालायची, हा या लिप्यांचा मूळ प्रकार. असले कूट कसे सोडवायचे ते बगदादच्या अल-किंदीने नवव्या शतकातच लिहून ठेवले होते: कोणती खूण किती वेळा येते ते मोजा आणि भाषेतल्या अक्षरांच्या वारंवारतेशी ताडून पाहा. मराठीत तर काना इतका येतो की त्याची जागा घेणारी खूण पहिल्या पानातच उघडी पडावी. त्यातून 'लीळाचरित्रा'सारखा ग्रंथ! त्यात पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांचा उल्लेख 'सर्वज्ञ' असा पदोपदी येतो आणि त्यांचे बोलणे सांगताना तीच ती शब्दजोडी पुनःपुन्हा वापरलेली असते. एवढा ऐवज मिळाला तर कूट फोडणाऱ्याला आणखी काय हवे? दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे 'एनिग्मा' यंत्र फोडणाऱ्या इंग्रजांना रोजच्या हवामान-संदेशातल्या ठरावीक शब्दांनी अशीच वाट दाखवली होती.

मग सकळ लिपी टिकली कशी? कोणी मनावर घेतले नाही, म्हणून. ज्यांना ती वाचायची होती ते पंथातच होते आणि त्यांना किल्ली गुरूकडून मिळत होती. बाहेरच्यांना त्या पोथ्यांत काय आहे याची फिकीर नव्हती. कोणी फोडले नाही याचा अर्थ फोडता येत नाही असा होत नाही. व्हेंचुराला जमलेली मंडळी ज्या एका गोष्टीवर जगतात ती हीच आहे: फोडू पाहणारे पुष्कळ, हुशार आणि हट्टी असले, त्यांना सगळा तपशील दिलेला असला, आणि तरीही वर्षानुवर्षे फुटले नाही, तरच त्या कुलुपावर भिस्त ठेवायची. असे फोडणारे एका ठिकाणी आणायचे तर परिषद भरवावी लागते.

ही मोकळीक मात्र फुकट मिळालेली नाही. १९७६ साली स्टॅनफर्डच्या व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी एक अजब गोष्ट दाखवून दिली. दोन अनोळखी माणसे सगळ्यांच्या देखत बोलूनही आपापसांत एक गुप्त किल्ली ठरवू शकतात. तोवर कूटशास्त्र म्हणजे लष्कर आणि हेरखात्याची मिरास होती. १९७७च्या जुलैत जे. ए. मेयर नावाच्या एका गृहस्थाने विद्युत-अभियंत्यांच्या संघटनेला पत्र धाडले: असले निबंध परदेशी लोकांसमोर वाचणे हा शस्त्रनिर्यातीच्या कायद्याचा भंग ठरू शकतो. मेयर हे अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचे नोकर निघाले. त्या ऑक्टोबरात इथाका इथे त्या संघटनेचा परिसंवाद होता आणि हेलमनचे दोन विद्यार्थी, राल्फ मर्कल आणि स्टीव्ह पोलिग, आपापले काम मांडणार होते. विद्यापीठाच्या वकिलाने सांगितले की प्राध्यापकांवर खटला झाला तर आम्ही लढू, पण विद्यार्थ्यांचे काही सांगता येत नाही. खटला लांबला तर त्यांची उमेदीची वर्षे त्यात जातील. तेव्हा हेलमनने स्वतः दोघांचे निबंध वाचले. ते दोघे व्यासपीठावर त्याच्या शेजारी गप्प उभे राहिले. खटलाबिटला काही झाला नाही.

चार वर्षांनी, १९८१ मध्ये, सांता बार्बराच्या विद्यापीठात 'क्रिप्टो' या नावाने पहिली परिषद झाली. पुढच्या वर्षीच्या क्रिप्टोत डेव्हिड चॉम यांच्या पुढाकाराने या संशोधकांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. ती आजही क्रिप्टो, युरोक्रिप्ट आणि एशियाक्रिप्ट या तीन मोठ्या परिषदा दरवर्षी भरवते. त्याच १९८२च्या क्रिप्टोत एक प्रसंग घडला. मर्कल आणि हेलमन यांनी बनवलेल्या 'नॅपसॅक' पद्धतीची मूळ आवृत्ती शमीरने त्याच वर्षी फोडली होती. मर्कलला आपल्या पद्धतीचा इतका भरवसा होता की त्याने फोडणाऱ्याला शंभर डॉलरचे बक्षीस लावले होते. ते द्यावे लागले. परिषदेत लेनर्ड एडलमन ॲपल-टू हा घरगुती संगणक घेऊन आला आणि नॅपसॅकच्या एका भावंडाची शकले त्याने श्रोत्यांसमोर करून दाखवली. मर्कलने मग अधिक गुंतागुंतीच्या आवृत्तीसाठी हजार डॉलर लावले. तेही दोन वर्षांत गेले. पाच वर्षांपूर्वी ज्याला तोंड उघडायची चोरी होती, त्याचेच काम आता भर सभेत मोडले जात होते, आणि त्याने हे मनाला लावून घेतल्याचे दिसत नाही.

भारतात ही चाल रुजली ती कोलकात्यात. भारतीय सांख्यिकी संस्थेचे बिमल रॉय यांच्या पुढाकाराने डिसेंबर २००० मध्ये पहिली 'इंडोक्रिप्ट' झाली. तिचे निबंध ज्या प्रसिद्ध जर्मन ग्रंथमालेत छापले गेले, तिच्यातला त्या खंडाचा क्रमांक १९७७ आहे. इथाकाच्या परिसंवादाचे साल तेच. निव्वळ योगायोग, पण गमतीचा. पुढच्याच वर्षी क्रिप्टॉलॉजी रिसर्च सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली आणि इंडोक्रिप्ट दर डिसेंबरात गावोगाव फिरू लागली: चेन्नई, हैदराबाद, दिल्ली, बंगळुरू, खरगपूर. २०१३च्या डिसेंबरात ती मुंबईला आली, २०२३च्या डिसेंबरात गोव्याला. आयसिस ही माहितीप्रणालींच्या सुरक्षिततेवरची परिषद २००५ साली कोलकात्यातच सुरू झाली. तिचे तेरावे अधिवेशन डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईत झाले. या दोहोंत थोडा फरक आहे. इंडोक्रिप्टमध्ये गणिताचा जोर, तर आयसिसमध्ये पासवर्ड, मालवेअर, ॲप, नेटवर्क, डेटाबेस अशा प्रत्यक्ष यंत्रणांचा.

कोलकात्याच्या त्या सांख्यिकी संस्थेत आज कूटशास्त्राचे जे केंद्र आहे, त्याला रा. चं. बोस यांचे नाव आहे. बोस यांच्या कीर्तीत एका मराठी माणसाचा वाटा आहे आणि मराठी वाचकांना त्याचे नाव सहसा ठाऊक नसते: शरदचंद्र शंकर श्रीखंडे. नागपुरात शिकलेले, पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झालेले श्रीखंडे १९५९ साली बोस यांच्याबरोबर अमेरिकेत काम करत होते. लिओनार्ड ऑयलरने पावणेदोनशे वर्षांपूर्वी मांडलेला एक तर्क बोस, श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर या तिघांनी खोटा पाडला. लॅटिन चौरसांच्या विशिष्ट जोड्या १०, १४, १८, २२ अशा आकारांच्या असूच शकत नाहीत, असे ऑयलर म्हणत होता. बोस आणि श्रीखंडे यांनी २२ची जोडी बनवून दाखवली, पार्करने १०ची. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ती बातमी पहिल्या पानावर छापली. वरवर पाहता हे चौरसांचे कोडे, पण त्याच जातीचे गणित आज संदेशातल्या चुका दुरुस्त करायला आणि एक गुपित अनेकांत वाटून ठेवायला लागते. श्रीखंडे २०२० साली शंभरी ओलांडून वारले. त्यांच्यावर एखादे चांगले मराठी पुस्तक असायला हवे होते.

परिषदेत निबंध लागतो कसा, हे थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. साधारण सहा महिने आधी आवाहन निघते. अंतिम मुदतीच्या रात्री जगभरातले संशोधक जागे असतात; ही मुदत पुष्कळदा पृथ्वीवरच्या सर्वांत शेवटच्या वेळपट्टीनुसार धरलेली असते, त्यामुळे भारतातल्यांना दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सवड मिळते. निबंधावर लेखकाचे नाव, गाव, संस्था काहीही घालायचे नाही. 'आमच्या मागच्या निबंधात दाखवल्याप्रमाणे' असे एक वाक्य राहून गेले तरी ओळख फुटली असे धरतात. कार्यक्रम समिती बहुधा तिघा परीक्षकांकडे निबंध पाठवते. आपल्या विद्यार्थ्याचा किंवा जुन्या सहकाऱ्याचा निबंध परीक्षकाने घ्यायचा नाही, तसे आधीच कळवायचे. क्रिप्टोसारख्या परिषदेत आलेल्या चार-पाच निबंधांतला एक लागतो. बाकीच्यांना नकारासोबत पानभर शेरे मिळतात, आणि नवख्याला खरी शिकवण त्या शेऱ्यांतूनच होते: सिद्धतेची चौथी पायरी निसटली आहे, अमुक हल्ला तुम्ही पाहिलेलाच नाही, हाच निकाल दुसऱ्या नावाने दहा वर्षांपूर्वी छापला गेला आहे. इतर बहुतेक शास्त्रांत मान नियतकालिकातल्या लेखाला असतो. संगणकाच्या क्षेत्रात तो परिषदेतल्या निबंधाला आहे. इथे गोष्टी इतक्या भराभर मोडतात की नियतकालिकाच्या दोन वर्षांच्या रांगेत उभे राहायला कोणाला वेळ नसतो.

या सगळ्या शिस्तीत एक संध्याकाळ मोकळी सोडलेली असते, तिला 'रम्प सेशन' म्हणतात. तिथे परीक्षण नसते, पाच-सात मिनिटे मिळतात, कोणी विनोदी स्लाइड दाखवतो, कोणी गाणे म्हणतो. पण इतिहासही बहुधा तिथेच घडतो. ऑगस्ट २००४, सांता बार्बरा. शानदोंग विद्यापीठाच्या शियाओयुन वांग उभ्या राहिल्या. त्यांचा विषय होता 'एमडी५'.

एमडी५ म्हणजे काय ते एका सातबाऱ्यावरून सांगतो. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळतो. सेलूचा किंवा पालमचा शेतकरी पंधरा रुपये भरून तो मोबाइलवर उतरवून घेतो. त्यावर तलाठ्याची शाईची सही नसते. यंत्रणा आधी त्या साऱ्या मजकुराचा एक ठरावीक लांबीचा आकडा काढते, त्याला हॅश म्हणतात. गटनंबर, क्षेत्र, आकार, खातेदाराचे नाव, बोजा, यांतले एक अक्षर हलले तरी हॅश साफ बदलतो. सही होते ती या हॅशवर. म्हणजे दोन वेगळ्या मजकुरांचा हॅश एकच निघाला, तर एकावर घेतलेली सही दुसऱ्यावर चिकटवता येईल आणि तपासणाऱ्याला ती खरीच वाटेल. ०.८० हेक्टरच्या उताऱ्यावरची सही ८.०० हेक्टरच्या उताऱ्यावर! अशी जोडी शोधणे माणसाच्या आवाक्याबाहेर राहावे, यासाठीच हॅश बनवलेला असतो. एमडी५ हा असाच एक हॅश. तो 'आरएसए' या कूटपद्धतीतल्या 'आर'ने, म्हणजे रॉन रिव्हेस्टने १९९१ साली बनवला आणि पुढची दहा-बारा वर्षे तो जगभर वापरात होता.

वांग यांनी त्या संध्याकाळी जोडी दाखवली: दोन वेगळे मजकूर, एमडी५ एकच. त्यांनी ऐन परिषदेच्या तोंडावर प्रसिद्ध केलेल्या टिपणातली जोडी खरे तर चुकलेली होती. बाइट्सचा क्रम उलटा धरला गेल्याने ती खऱ्या एमडी५ला लागू पडत नव्हती. ध्यानात आल्यावर त्यांच्या गटाने तडकाफडकी खऱ्या एमडी५साठी नवी जोडी काढली. ही दुरुस्तीच सर्वांत बोलकी ठरली. जोडी नशिबाने सापडली असती तर ती अशी मागाल तेव्हा काढता आली नसती. सभागृह उठून उभे राहिले आणि टाळ्या थांबेनात. पद्धत कशी ते वांग यांनी त्या दिवशी सांगितले नाही. तेवढ्या वेळात ते मावणारही नव्हते.

एवढे होऊनही काही कंपन्या एमडी५ वापरत राहिल्या. तेव्हा डिसेंबर २००८ मध्ये बर्लिनच्या एका संमेलनात दुसऱ्या एका गटाने २०० प्लेस्टेशन खेळयंत्रे जोडून एमडी५च्या जोरावर संकेतस्थळांना ओळखपत्रे देणाऱ्या अधिकाऱ्याचेच खोटे ओळखपत्र तयार करून दाखवले. मग धावपळ झाली. भारतात २०१२ पासून डिजिटल सहीसाठी २०४८ बिटांची आरएसए आणि एसएचए-२ घराण्यातला हॅश सक्तीचा आहे. सातबाऱ्याची सही आज विश्वासाची आहे ती या साखळीमुळे, आणि तिची एक कडी सांता बार्बरातल्या त्या संध्याकाळची आहे.

परभणीच्या किंवा गंगाखेडच्या महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकणाऱ्याला यातले काय मिळते? मुंबईला परिषद असली तर तपोवन एक्स्प्रेसने दिवसभराचा प्रवास. पण अडचण अंतराची कमी आणि शुल्काची जास्त. विद्यार्थ्याला आंतरराष्ट्रीय परिषदेचे शुल्क जड जाते, सवलतीतले असले तरी. निबंध मात्र फुकट मिळतात. कूटशास्त्राच्या संशोधकांनी २००० सालापासून चालवलेल्या 'ई-प्रिंट' संग्रहात जवळपास प्रत्येक महत्त्वाचा निबंध परिषदेआधीच येऊन पडतो. सांता बार्बराचा प्राध्यापक आणि सोनपेठचा विद्यार्थी तो एकाच दिवशी वाचू शकतात. बहुतेक मोठ्या व्याख्यानांची चित्रणेही खुली असतात. दहा निबंधांतले नऊ समजणार नाहीत, प्राध्यापकांनाही समजत नाहीत.

दुसरीकडे आपल्याकडे 'एकदिवसीय आंतरराष्ट्रीय परिषद' नावाचा एक प्रकार बोकाळला. त्याला कारण झाले विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१०चे नियम. बढतीसाठी गुण लागू लागले, आणि गुणांसाठी निबंध. मग सकाळी दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, पाहुण्यांची भाषणे लांबली म्हणून निबंधवाचनाला प्रत्येकी तीन मिनिटे, दुपारी जेवण आणि संध्याकाळी सर्वांना प्रमाणपत्र, असा कार्यक्रम ठरून गेला. पैसे भरले की निबंध हमखास स्वीकारला जातो. निबंध छापणारी नियतकालिकेही त्याच मुशीतली. पुण्याचे भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीचा पंचनामा केला. विद्यापीठांनी सुचवलेल्या ज्या नियतकालिकांची त्यांनी तपासणी केली, त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक कमअस्सल ठरली. त्यानंतर आयोगाने 'केअर' नावाची नवी यादी सुरू केली, तिचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडे दिले, आणि २०२५ साली ती यादीही बंद केली.

नकली परिषद ओळखायला यादीची फारशी गरज नाही. कार्यक्रम समितीतली नावे घ्या आणि ती माणसे स्वतः कुठे निबंध लिहितात ते पाहा. निबंध आठवड्यात स्वीकारला गेला तर तो कोणी वाचलेला नाही. एकाच परिषदेत कूटशास्त्र, मृदाशास्त्र आणि मराठी संतसाहित्य असे तिन्ही विषय असले तर जेवण चांगले असेल, एवढेच सांगता येते. आणि सर्वांत सोपी खूण: तिथे कोणी कोणाची चूक काढतो का? सभागृहातून आजवर एकही अवघड प्रश्न आला नसेल, तर तिथून मिळालेल्या प्रमाणपत्राला कूटशास्त्रात तरी काही किंमत नाही.

सध्या या परिषदांत सर्वाधिक गर्दी खेचणारा विषय आहे क्वांटम संगणकानंतरचे कूटशास्त्र. पुरेसा मोठा क्वांटम संगणक झाला तर आरएसए कोसळते, हे पीटर शोरने १९९४ सालीच दाखवले आहे. असा संगणक अजून झालेला नाही, पण आज चोरून साठवलेला संदेश तेव्हा उघडता येईल. म्हणून निस्टने २०१६ पासून पुन्हा एक जाहीर स्पर्धा मांडली. तिच्यातला 'साइक' हा उमेदवार थेट चौथ्या फेरीपर्यंत पोचला होता. त्याच्या किल्ल्या सुटसुटीत, गणित सुंदर. २०२२च्या उन्हाळ्यात बेल्जियमच्या लुव्हेन विद्यापीठातले वाउटर कास्ट्रिक आणि थॉमस डेक्रू यांनी त्याची सर्वांत लहान आवृत्ती साध्या संगणकाच्या एका गाभ्यावर तासाभरात फोडली. त्यासाठी त्यांनी वापरलेला गणिती निष्कर्ष १९९७ सालापासून उपलब्ध होता, फक्त तो या कामाचा आहे हे कोणाच्या डोक्यात आले नव्हते. साइकच्या निर्मात्यांनी स्वतःच पद्धत असुरक्षित असल्याचे जाहीर केले. ऑगस्ट २०२४ मध्ये निस्टने ज्या तीन पद्धतींना मानक ठरवले, त्या या चाळणीतून उरलेल्या आहेत.

नव्या पद्धतींची किंमत आकारात मोजावी लागते. २०४८ बिटांच्या आरएसएची सही २५६ बाइट्सची असते. नव्या 'एमएल-डीएसए'ची लहानात लहान सही २,४२० बाइट्सची, तर 'एसएलएच-डीएसए'ची ७,८५६ बाइट्सची. चिपच्या कार्डात ती मावेल का, खेड्यातल्या रडतखडत चालणाऱ्या नेटवर्कवर कितपत चालेल, यावर गेली काही वर्षे ढिगाने निबंध येत आहेत. सातबाऱ्याची अडचण याहून वेगळी. बँकेचा व्यवहार मिनिटात संपतो, जमिनीचा कागद पिढ्यान्‌पिढ्या लागतो. मराठवाड्यात जमिनीचा वाद निघाला की लोक आजही तहसिलीतून १९५४-५५चे खासरा पत्रक काढून आणतात. आजची डिजिटल सही सत्तर वर्षांनी कोर्टात मांडायची, तर तोवर तिच्यातले गणित टिकेल असे कोणताही शहाणा कूटशास्त्रज्ञ लिहून देणार नाही.

यावर एक उपाय १९९०च्या क्रिप्टोत मांडला गेला होता. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांनी सुचवले की प्रत्येक कागदाच्या हॅशमध्ये आधीच्या कागदाचा हॅश गुंफत न्यावा, म्हणजे मधला एक कागद मागाहून बदलायचा तर पुढची सगळी साखळी बदलावी लागेल. बिटकॉइनच्या पायाशी हीच कल्पना आहे. त्यांच्या कंपनीने १९९५ पासून त्या साखळीचा शेवटचा आकडा दर आठवड्याला 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या छोट्या जाहिरातींत, हरवले-सापडलेच्या रकान्यात, छापायला सुरुवात केली. एकदा लाखो घरांत वर्तमानपत्र गेले की तो आकडा परत घेता येत नाही. हॅशची एखादी पद्धत जुनी होऊ लागली तर ती मोडण्याआधी सारी साखळी नव्या हॅशने पुन्हा बांधून घ्यायची. आपल्या जिल्ह्याच्या दैनिकांत जमिनीच्या जाहीर नोटिसांचा रकाना रोज असतोच. जिल्ह्यात आठवडाभर झालेल्या सगळ्या फेरफारांचा मिळून एक आकडा तिथे छापायला ६४ अक्षरांची जागा लागेल.